ठाणेकरांनी द्राक्षबागेसाठी जमीन कशी पारखावी

ठाणे, कल्याण आणि नवी मुंबई या पट्ट्यातील अनेक कुटुंबांची मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन असते, आणि तेथे व्यापारी द्राक्षबाग उभी करता येईल का, अशी विचारणा ती आवर्जून करतात. याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. माती सुधारता येते, हवा बदलता येत नाही. या भागात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पावसाळाभर पानांवरचा ओलावा सुकत नाही, आणि अशा दमटपणात डाऊनी (केवडा) आणि करपा हे रोग फळछाटणीची, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीची, वेळ येण्याआधीच काडी (वेलीची फळे देणारी फांदी) निकामी करतात. फवारण्यांवर फवारण्या घेऊन वेली जगवता येतीलही, परंतु त्या खर्चात बाग परवडत नाही. त्या जमिनीत आंबा किंवा चिकू लावावा आणि द्राक्षासाठी घाटापलीकडे पाहावे.

घाटापलीकडे म्हणजे नेमके किती पलीकडे, हे मात्र काळजीपूर्वक ठरवावे लागते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून इगतपुरीकडील जमिनी ठाणेकरांना फार जवळच्या वाटू लागल्या आहेत. तेथील हिरवाई मन मोहून टाकते, पण ती ज्या पावसावर पोसली जाते तो ठाण्यापेक्षाही अधिक आहे. सह्याद्रीची धार मागे टाकून पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो, आणि निफाडच्या बाजूला तो वर्षाला ७०० मिलिमीटरच्याही खाली येतो. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेती दिंडोरी, निफाड, चांदवड अशी पसरली, त्याला हेच मोठे कारण आहे.

वार्षिक आकड्यापेक्षा पावसाच्या तारखा अधिक महत्त्वाच्या असतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाली की साधारण दीड महिन्याने वेल फुलोऱ्यात येते; त्या आठवड्यांत पाऊस झाला तर घड कुजतात आणि मणी गळतात, तर काढणीच्या तोंडावर झालेल्या पावसाने मणी तडकतात. म्हणून कृषी विभागाकडील महसूल मंडळनिहाय दैनंदिन नोंदी मिळवाव्यात आणि किमान दहा वर्षांचे नोव्हेंबर ते मार्च हे महिने बारकाईने वाचावेत. गारपीट कोणत्या शिवारातून वारंवार जाते हे गावकऱ्यांना ठाऊक असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत त्या गावाचे काय झाले, हे अवश्य विचारावे.

पाण्याबाबत मात्र कोणाच्या शब्दावर विसंबू नये. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणी संपल्यावर नव्या काड्यांसाठी केलेल्या छाटणीनंतर, जी नवी काडी वाढते, तिच्याच डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात, आणि नेमक्या याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. या वेळी पाणी तुटले तर ऑक्टोबरमध्ये कितीही निगा राखली तरी अनेक फुटी घडाविना येतात. डिसेंबरात काठोकाठ भरलेली विहीर दाखवून व्यवहार उरकण्याची घाई करणाऱ्याला स्पष्ट सांगावे की विहीर मे महिन्याच्या उत्तरार्धात पाहू. त्या वेळी पंप सलग चालवावा, उपसा किती वेळ टिकतो आणि पाणी पुन्हा किती वेळात भरते याची नोंद करावी. पंप काही वेळ चालल्यानंतरचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, कारण उन्हाळ्यात क्षार एकवटतात आणि पाण्याचे खरे रूप तेव्हाच कळते. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील एकूण क्षारांचे माप, १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावी आणि क्लोराइड व सोडियम यांचे प्रमाण वेगळे तपासून घ्यावे. क्षारयुक्त पाण्याने पानांच्या कडा करपतात. डॉगरिजसारख्या खुंटावर (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम बांधतात ती जात) बाग लावल्याने हा त्रास काही अंशी सोसवतो, नाहीसा होत नाही. शेततळ्यासाठी जागा सुटते का, हेही त्याच भेटीत पाहावे.

मातीसाठी शेताच्या उंच, मध्यम आणि सखल भागांत सुमारे सव्वा मीटर खोल खड्डे घ्यावेत. वर मध्यम पोताची माती आणि खाली निचरा होणारा मुरूम ही रचना द्राक्षाला मानवते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात जिरते हे पाहावे. चुनखडीचे प्रमाण जास्त असेल तर लोह उपलब्ध होत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. नमुने ३० सेंटिमीटरच्या थरांनी वेगवेगळे द्यावेत, कारण चुनखडी बहुधा खालच्या थरात दडलेली असते. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींशी अहवाल ताडून खुंट ठरवावा.

नाल्याकाठच्या खोलगट जमिनीत थंड हवा साचते. निफाडकडील कडाक्याच्या थंडीत अशा ठिकाणी मण्यांची फुगवण थांबते, त्यामुळे हलका उतार आणि वाऱ्याला मोकळी वाट असलेला तुकडा निवडावा.

माल कोठे जाणार, यावरही जागा ठरते. निर्यातीचा विचार असेल तर पूर्वशीतकरणाची (तोडलेला माल लगेच थंड करण्याची) सोय असलेले पॅकहाऊस जवळ असावे, कारण तेथून न्हावा शेवा बंदरापर्यंतचा प्रवास शीत कंटेनरमध्ये होतो. वाइनसाठीची द्राक्षे मात्र तोडल्यावर लगेच वायनरीत पोहोचावी लागतात, म्हणून त्यांचा करार आधी आणि जमीन नंतर, हाच क्रम ठेवावा. हंगामात वाशीच्या फळबाजारात जाऊन कोणत्या गावांच्या मालाला व्यापारी आवर्जून उचलतात हे विचारले, तर फार उपयुक्त माहिती मिळते. छाटणी आणि विरळणी (घडातील जास्तीचे मणी काढणे) ही कुशल हातांची कामे आहेत. पेठ आणि सुरगाण्याकडून येणारे मजूर त्या गावात थांबतात का, तेही पाहावे.

शेवटी कागदपत्रे. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मुरबाड-शहापूरची ती जमीन येथे कामी येते, कारण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तिचा सातबारा दाखवता येतो. वारसनोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्यावी. घेऊ घातलेल्या जमिनीचा भोगवटा वर्ग (ती विकण्यावर सरकारी बंधन आहे का, हे यावरून कळते), जुने फेरफार, विहिरीतील हिस्से आणि ट्रॅक्टर जाईल असा नोंदलेला वहिवाट रस्ता वकिलाकडून तपासून घ्यावा, सरकारी मोजणी करावी, आणि मे महिन्यातील पाण्याचा अहवाल हातात येईपर्यंत विसार देऊ नये.