नोकरी सांभाळून भाड्याच्या दोन-तीन सदनिका कशा चालवाव्यात

पुण्यात नोकरी करणाऱ्याने भाड्यासाठी दुसरी सदनिका घ्यायचे ठरवले की पहिला प्रश्न कर्जाचा येतो, आणि तिथेच हिशेब नीट मांडला पाहिजे. समजा, 60 लाखांची सदनिका 48 लाख कर्ज काढून घेतली, तर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता 41,600 रुपयांच्या पुढे जातो. भाडे 18,000 येत असेल, तर उरलेली रक्कम दरमहा पगारातूनच जाणार. शिवाय खरेदीच्या वेळी 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपये नोंदणी शुल्क रोख उभे करावे लागते. पुणे महापालिकेची मिळकतकरातील 40 टक्के सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घरालाच आहे, हेही आधीच धरावे. वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे मानून, सोसायटीचा मेन्टेनन्स वजा करून जो आकडा उरतो, तोच खरा. नोकरी गेली तरी सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय पुढची सदनिका घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पैशापेक्षाही टंचाई असते ती वेळेची. म्हणून सदनिका घराच्या किंवा कार्यालयाच्या वाटेवर, शक्यतो एकाच परिसरात घ्याव्यात; म्हणजे वायरमन, प्लंबर आणि एजंट तेच राहतात आणि त्यांच्याशी ओळख जमते. स्वस्त मिळते म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला घेतलेले घर गळणाऱ्या एका नळासाठी अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावते.

कराराच्या बाबतीत मात्र अजिबात सैलपणा नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल, तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 18,000 भाडे आणि 50,000 डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क जेमतेम 500 रुपये होते, तर शहरी भागात नोंदणी शुल्क 1,000 रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइन, रविवारी घरबसल्याही करता येते. एवढ्यासाठी साध्या नोटरीवर भागवणे मला तरी अविचाराचे वाटते. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मिळू शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी आणि कराराची प्रत सोसायटीला द्यावी. सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचे शुल्क, लावेल, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा शासनाचा आदेश आहे.

चावी देण्याच्या दिवशी मात्र घाई करू नये. भाडेकरूला सोबत घेऊन खोल्याखोल्यांतून फिरावे: गिझर चालू करून पाहावा, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या आत हात फिरवून ओल आहे का ते तपासावे, वीज मीटरचे रीडिंग तारखेसह फोटोत घ्यावे आणि पंखे, दिवे, चाव्या यांची यादी दोघांच्या सहीने करारासोबत ठेवावी. डिपॉझिट परत करतानाचे बहुतेक वाद या यादीअभावी होतात.

भाडे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत थेट बँकेत यावे आणि त्यासाठी पगाराच्या खात्याहून वेगळे खाते असावे, म्हणजे विवरणपत्र भरताना शोधाशोध होत नाही. भाड्यातून, मालकाने भरलेला मिळकतकर वजा केल्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा कर्जाचे व्याज जास्त झाल्याने येणारी तूट, पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, त्यामुळे मोठे कर्ज असलेल्याने दोन्ही प्रणालींत आकडे मांडून पाहावेत. शासकीय कर्मचाऱ्यांनी खरेदीची माहिती कार्यालयाला देण्याचा नियम पाळावा.

करार संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी आणि त्या दिवशी भाडेकरूला राहायचे आहे का, हे विचारावे. वेळेवर पैसे देणारा आणि घर नीट ठेवणारा भाडेकरू हजार रुपये कमी देत असला, तरी त्याला टिकवावे. कारण एक महिना घर रिकामे राहिले, तर 18,000 रुपये जातात आणि एजंटची दलाली, रंगकाम वेगळेच.