इंग्लंडमध्ये फुटबॉलची मॅच बघायला जाताय? छापील प्रोग्रॅम हाती पडावा म्हणून आधी करायची तयारी

तिकीट काढलं की लगेच एक गोष्ट तपासा: त्या सामन्याचा छापील प्रोग्रॅम, म्हणजे संघ आणि खेळाडूंची माहिती देणारी पुस्तिका, निघणार आहे का? पूर्वी हे विचारायची गरज नव्हती. पण जून 2018 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांनी वार्षिक बैठकीत प्रोग्रॅम छापण्याची सक्ती उठवली आणि 2018-19 च्या हंगामापासून प्रीमियर लीगच्या खालच्या चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन पायऱ्या मिळून 72 क्लबांना मोकळीक मिळाली. खप उतरला होता, छपाई परवडत नव्हती आणि संघाची खबरबात लोक फोनवर वाचू लागले होते. आता प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी पूर्वीसारखाच दर सामन्याला छापतो, कुणी मोजक्याच सामन्यांना, कुणी नुसती पीडीएफ टाकून मोकळा होतो, तर कुणी आधी मागणी नोंदवली तरच प्रत देतो. शिवाय हे धोरण दर हंगामाला बदलू शकतं, त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या भरवशावर राहू नका. सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी क्लबच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांसाठी सूचनांचं पान येतं. प्रोग्रॅम असेल तर मुखपृष्ठ, किंमत आणि विक्रीची ठिकाणं त्यात दिलेली असतात. त्या पानावर प्रोग्रॅमचा उल्लेखच नसेल तर नाहीच असं धरून चाला आणि क्लबला ईमेल टाकून खात्री करा.

प्रीमियर लीगच्या मैदानांवर अजून बहुतेक ठिकाणी छापील प्रत मिळते. महिलांच्या सामन्यांना मात्र कुठे छापील, कुठे डिजिटल, असं आहे. 21 वर्षांखालच्या संघांच्या सामन्याला बऱ्याचदा खेळाडूंच्या नावांचा एक झेरॉक्स कागद मिळतो, तोही मागितला तर. मागा, फुकट असतो.

खरी धांदल होते ती लीग टूच्याही खालच्या, नॉन-लीग म्हणतात त्या सामन्यांना. तिथे चाळीस-पन्नास किंवा फार तर शंभर-दीडशे प्रती काढतात. मैदानं गोळा करत हिंडणारे, ज्यांना तिकडे ग्राउंडहॉपर म्हणतात, ते फाटक उघडायच्या आधीच हजर असतात. त्यातल्या काहींच्या हिशेबी प्रोग्रॅम मिळाला नाही तर मैदान झालंच नाही. त्यामुळे सामना तीनचा असेल तर अडीचला पोचून चालत नाही, दीड-पावणेदोनला पोचा. प्रती टर्नस्टाइलवरच, म्हणजे प्रवेशाच्या फिरत्या फाटकावर, तिकिटाबरोबर विकतात, आत शिरल्या शिरल्या एखाद्या टेबलावर ठेवतात किंवा क्लबहाउसच्या बारमध्ये. पहिल्याच माणसाला विचारा. चार दिवस आधी क्लबच्या सेक्रेटरीला दोन ओळींचा ईमेल टाकून ‘एक प्रत राखून ठेवाल का’ असं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. ही मंडळी स्वयंसेवक असतात आणि मुंबई-पुण्याहून कुणी विचारतंय याचं त्यांना अप्रूपही वाटतं.

तारीख पक्की समजू नका. टीव्हीवर दाखवायचा म्हणून शनिवारचा सामना रविवारवर किंवा सोमवार रात्रीवर ढकलला जातो, आणि हे महिना-दीड महिना आधीच कळतं. त्याहून त्रासाचं म्हणजे पाऊस-बर्फामुळे सामना आयत्या वेळी पुढे ढकलला जाणं. शनिवारच्या सामन्याचा प्रोग्रॅम गुरुवारच्या सुमारास छापखान्यातून निघालेला असतो. मग क्लब दोनपैकी एक करतो: जुनीच प्रत, जुन्याच तारखेसह, आत एक जोडपान घालून नव्या दिवशी विकतो, किंवा नवी छापतो. पहिल्या प्रकारात ते सुटं पान हरवू देऊ नका, त्याच्याशिवाय प्रत अपुरी. दुसऱ्या प्रकारात जुन्या तारखेच्या प्रती क्लबच्या दुकानात कधी कधी पडून असतात, विचारायला हरकत नाही. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत बरोबरी झाली की सामना पुन्हा खेळवत, त्या रिप्लेचे घाईघाईत काढलेले चार-आठ पानी प्रोग्रॅम हा संग्राहकांचा एक आवडता प्रकार होता. 2024-25 पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून पुढचे रिप्ले बंद झाले, आता ते फक्त पात्रता फेऱ्यांत उरलेत.

पैशांचं. मोठ्या क्लबांचा प्रोग्रॅम साधारण साडेतीन ते पाच पौंडांना, म्हणजे चार पौंडांचा धरला तर आपले साडेचारशेच्या आसपास. नॉन-लीगला एक ते तीन पौंड. लंडनच्या वेम्ब्ली मैदानातल्या अंतिम सामन्यांना याच्या दुप्पट-तिप्पट धरा. कॉन्टॅक्टलेस कार्ड हवंच, कारण बऱ्याच मोठ्या मैदानांच्या आत रोख चालतच नाही. पण फक्त कार्डावर विसंबूनही राहू नका. बाहेरच्या विक्रेत्याचं छोटं मशीन मोबाइल नेटवर्कवर चालतं आणि सामन्याच्या आधी एका चौकात तीस-चाळीस हजार फोन जमले की ते नेटवर्क रांगत चालतं. मशीन गोल गोल फिरत बसतं आणि मागची रांग वैतागते. म्हणून खिशात एक आणि दोन पौंडांची नाणी मिळून दहाएक पौंड, शिवाय पाचाच्या दोन नोटा असू द्या. विमानतळावरून आणलेली पन्नासाची नोट पुढे केलीत तर बहुतेक जण मान हलवतील.

आता मैदानावर. विक्री सामन्याच्या साधारण दोन तास आधी सुरू होते. क्लबच्या रंगात रंगवलेल्या छोट्या टपऱ्या असतात, आणि चमकदार जाकीट घातलेले, खांद्याला पिशवी अडकवलेले फिरते विक्रेते असतात. तुमच्या तिकिटावर जो स्टँड आणि जे फाटक आहे, त्या वाटेवरच्या टपरीतून घ्या, आणि आत जायच्या आधी घ्या. तिकीट एकदा स्कॅन झालं की बहुतेक मैदानांत पुन्हा बाहेर येता येत नाही, आणि आतल्या मार्गिकेत विक्रेता असेलच असं नाही. पाहुण्या संघाच्या बाजूचं तिकीट असेल तर हे जास्तच पाळा. तिकडे विक्रेते कमी आणि प्रती लवकर खपतात. मध्यंतरात घेऊ म्हणणाऱ्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही. मैदानावरचा शेवटचा सामना, एखाद्या जुन्या खेळाडूचा निरोपाचा सामना, चषकात छोट्या क्लबाकडे मोठा संघ आलेला असणं, अशा दिवशी गठ्ठ्याने उचलून त्याच रात्री ईबेवर चढवणारे फिरत असतात. त्या दिवशी अर्धा तास आणखी आधी या किंवा क्लबच्या ऑनलाइन दुकानात सामन्याआधीच पैसे भरून ठेवा.

ओरडून कागद विकणारा प्रत्येक माणूस प्रोग्रॅमच विकतो असं नाही. चाहत्यांनी स्वतः काढलेली फॅनझीन तिथेच, त्याच सुरात विकली जातात. ती घ्या, बऱ्याचदा वाचायला प्रोग्रॅमपेक्षा खमंग असतात, पण दोन्ही वेगळी आहेत हे ठाऊक हवं. अंतिम सामन्यांच्या वाटेवर नकली प्रोग्रॅमही खपवले जातात. ते कित्येक दशकांपासून चालू आहे. मुखपृष्ठावर क्लबचं किंवा संघटनेचं चिन्ह, अधिकृत असल्याचा उल्लेख आणि छापील किंमत या तीन गोष्टी बघून मगच पैसे द्या.

हातात पडल्यावर तिथेच दहा सेकंदांत पानं चाळा. मधली पानं दोनदा आली आहेत का, एखादा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, उलटा शिवला गेलाय का, पोस्टर किंवा पुरवणी असेल तर ती आत आहे का. गर्दी सुटण्याआधी बदलून मागितलं तर विक्रेता बदलून देतो. मागच्या पानावर दोन्ही संघांतल्या सगळ्या खेळाडूंची यादी असते, त्या दिवशीचे अकरा नसतात. ते सामन्याच्या तासभर आधी जाहीर होतात आणि प्रोग्रॅम त्याआधी दोन दिवस छापलेला असतो. अकरांवर खुणा करायची हौस असेल तर दुसरी प्रत घ्या. जुने प्रोग्रॅम विकणाऱ्यांच्या याद्यांत ‘टी.सी.’ (टीम चेंजेस) म्हणजे संघातले बदल पेनाने लिहिलेले, आणि तेवढ्याने किंमत खाली येते. सही घ्यायची असेल तर बॉलपेन नको, गुळगुळीत कागदावर ते सरकतं. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर न्या आणि सही वाळेपर्यंत प्रत मिटू नका, नाहीतर समोरच्या पानावर तिचा आरसा उमटतो.

पिशवीत काय न्यायचं हे मैदानाच्या नियमावर ठरतं. अनेक मोठ्या मैदानांवर ए4 पेक्षा मोठी पिशवी आत सोडत नाहीत, काही ठिकाणी त्याहून लहानच चालते. ए4 मापाचं कडक पुठ्ठ्याचं पाकीट आणि त्यात एक झिपचं प्लॅस्टिक पाकीट एवढं पुरतं. पुठ्ठा कोपरे मुडू नयेत म्हणून, प्लॅस्टिक पावसासाठी. आणि पाऊस येतोच. हल्लीचे प्रोग्रॅम चकचकीत, थर दिलेल्या कागदावर छापतात. असा कागद भिजला की तो थर विरघळून शेजारच्या पानाला डकतो आणि वाळल्यावर पानं सुटत नाहीत, ओढलीत तर छपाईसकट साल निघते. भिजलाच तर ओला असतानाच, हॉटेलवर पोचल्याबरोबर, प्रत्येक दोन पानांमध्ये टिश्यू किंवा बटर पेपर घाला, दर तासाने बदला, हेअर ड्रायर लावू नका. गोल गुंडाळून मागच्या खिशात खोचायची सवय असेल तर ती मैदानाबाहेर ठेवून या. गोंदाने चिकटवलेल्या पाठीला एकदा घडी पडली की ती जात नाही.

जुने प्रोग्रॅम घ्यायचा बेत असेल तर सामन्याच्या दिवशी एखादा तास मोकळा ठेवा. समर्थक संघटनेची टपरी, धर्मादाय संस्थेचं टेबल, क्लबच्या दुकानाचा कोपरा, इथे जुन्या प्रतींची खोकी असतात आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतले साधे लीग सामने पौंड-दोन पौंडांत मिळतात. या खोक्यांत हात घालण्यापूर्वी आपल्याला काय हवंय ते ठरवा, नाहीतर नुसती रद्दी उचलून आणाल. भारतीय संग्राहकासाठी एक चांगली सुरुवात म्हणजे ‘बरी’ (Bury) या इंग्लिश क्लबचे प्रोग्रॅम: आपला फुटबॉलपटू बायचुंग भुतिया 1999 मध्ये तिथे गेला आणि 3 ऑक्टोबर 1999 ला कार्डिफ सिटीविरुद्ध पहिल्यांदा खेळला. पुण्याच्या माणसाला ब्लॅकबर्न रोव्हर्स जवळचा वाटावा, 2010 पासून तो क्लब पुण्याच्या व्यंकीज कंपनीकडे आहे. हाच ब्लॅकबर्न 1882 चा एफए कपचा अंतिम सामना ओल्ड इटोनियन्सविरुद्ध हरला होता, आणि त्या सामन्याचा प्रोग्रॅम 2013 मध्ये लंडनच्या लिलावात 35,250 पौंडांना गेला. तो आपल्या खोक्यात सापडणार नाही.

साठच्या दशकातली मँचेस्टर युनायटेडची प्रत घेताना टोकनची जागा आधी बघा. चषकाच्या तिकिटांसाठी प्रेक्षक ते टोकन कापून एका तक्त्यावर चिकटवत, त्यामुळे असंख्य प्रतींना तिथे चौकोनी भोक असतं आणि किंमत निम्म्याहून खाली येते. 1966 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आणि युनायटेडचे खेळाडू ज्यात दगावले त्या म्युनिकच्या विमान अपघातानंतरचा 19 फेब्रुवारी 1958 चा शेफील्ड वेन्सडेविरुद्धचा सामना, या दोन्हींची पुनर्मुद्रणं बाजारात फार आहेत. दुसऱ्यात युनायटेडच्या अकरा जागा कोऱ्या सोडल्या होत्या, कारण छापताना संघात कोण असेल हेच ठरलं नव्हतं. मूळ प्रतींत त्या जागी पेनाने लिहिलेली नावं आढळतात, ती खोडायला जाऊ नका. नकली ओळखायला दहापट भिंग न्या: मूळ छायाचित्राचे ठिपके एकसारखे दिसतात, छापलेल्यावरून पुन्हा छापलेल्यात ठिपक्यांवर ठिपके येऊन लाटांसारखी जाळी उमटते. पिनाही बघा. साठ वर्षांच्या कागदात लखलखीत नवी पिन असेल तर एकतर कुणी बदलली आहे किंवा कागदच नवा आहे.

परतीच्या प्रवासात प्रोग्रॅम हाताच्या सामानात, लॅपटॉपच्या कप्प्यात सपाट ठेवा. जाडजूड प्रत पाव किलोच्या आसपास भरते, दहा झाल्या की वजन लागतं. टपालाने पाठवायचे तर रॉयल मेलचं ‘लार्ज लेटर’चं माप लक्षात ठेवा: 353 बाय 250 मिलिमीटर, जाडी 25 मिलिमीटर, वजन 750 ग्रॅम, म्हणजे पुठ्ठ्याच्या पाकिटात दोन प्रती आरामात. भारतात येणाऱ्या पाकिटावर सीएन22 हा कस्टम्सचा छोटा फॉर्म लागतो. इथे बसून एकेक प्रत मागवायची तर टपालखर्च प्रोग्रॅमपेक्षा जास्त होतो, तेव्हा चार जणांनी मिळून मागवा.

घरी आल्यावर मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार पहिल्यांदा करावा. पिना गंजतात आणि तो तांबडा डाग चार-चार पानं आत जातो. जुन्या, किमती प्रतींच्या पिना बोथट सुरीने हळूच सरळ करून काढून ठेवता येतात, पण विकायचा विचार असेल तर हात लावू नका. पाकिटं पॉलिप्रॉपिलिनची घ्या. स्टेशनरीच्या दुकानातल्या वास येणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये वर्षभरात मुखपृष्ठाची शाई प्लॅस्टिकला चिकटते. सेलोटेप कुठेही नको. खोकं जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दर दोन महिन्यांनी उघडून कसर लागली नाही ना हे बघणं. आणि प्रत पाकिटात जाण्याआधी वहीत किंवा फोनवर एक ओळ टिपा: क्लब, प्रतिस्पर्धी, छापील तारीख, सामना प्रत्यक्ष झाला ती तारीख, पुरवणी आहे की नाही.