मोठ्या फाइल असलेल्या टेबलवर ट्रिगर लावताय? मेमरी खाणाऱ्या या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसच्या एखाद्या टेबलमध्ये स्कॅन केलेले पीडीएफ, फोटो वगैरे बाइट-ए (म्हणजे बायनरी डेटाच्या) कॉलममध्ये ठेवलेत, त्याच टेबलवर ऑडिटचा ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालून बदल नोंदवणारं फंक्शन) आहे, आणि अधूनमधून सगळी कनेक्शन एकदम तुटतात, सर्व्हर परत उभा राहतो आणि लॉगमध्ये 'टर्मिनेटेड बाय सिग्नल ९' असं काहीतरी दिसतं. म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या लिनक्सच्या ओओएम किलरने एक प्रोसेस मारली आणि त्यापायी पोस्टग्रेसला बाकीच्यापण बंद करून रिस्टार्ट व्हावं लागलं. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात जातो वर्क-मेम ही मेमरीची सेटिंग कमी करण्याकडे, आणि फरक शून्य पडतो, कारण ती मर्यादा सॉर्ट, हॅश असल्या कामांना असते, तुमच्या ट्रिगर फंक्शनने किती मोठी व्हॅल्यू मेमरीत उघडली याच्याशी तिचा काही संबंध नाही.

खरं तर इथे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात. एक आजार ओळींच्या संख्येचा, दुसरा एकेका ओळीच्या वजनाचा.

हे मी अनुभवाने शिकलो. एका प्रोजेक्टमध्ये डॉक्युमेंटचं टेबल होतं, काही फाइल ६० एमबीपर्यंतच्या, आणि रात्रीचा जॉब फक्त स्टेटस कॉलम बदलायचा, फाइलला हातसुद्धा लावायचा नाही. तरी मेमरी भरायची. आम्ही काय केलं, तर बॅच, म्हणजे एका वेळी बदलायच्या ओळी, ५,००० वरून १,००० वर आणली, मग १०० वर, मग वैतागून १० वर, आणि प्रोसेस तेवढीच फुगायची! तेव्हाच कळायला हवं होतं की हा संख्येचा आजार नाही, पण आठवडाभर आम्ही बॅच साइजच कुरवाळत बसलो.

दोषी ट्रिगरच्या कोडमधली एकच ओळ होती: टू_जेसनबी(न्यू) - 'फाइल'. न्यू म्हणजे टेबलमधली बदलानंतरची अख्खी ओळ. लिहिणाऱ्याला वाटलं की फाइलचा कॉलम वजा केलाय, म्हणजे ती येणारच नाही. पण वजाबाकी नंतर होते, आधी अख्खी ओळ जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा प्रकार) होते. आता हिशोब बघा. टोस्टमधून (पोस्टग्रेस मोठ्या व्हॅल्यू जिथे वेगळ्या ठेवतं तिथून) उघडलेली फाइल ६० एमबी, जेसनमध्ये बायनरी जात नाही म्हणून तिचं हेक्स अक्षरांत रूपांतर, म्हणजे दुप्पट, १२० एमबी, आणि तेच परत जेसनबीच्या बफरमध्ये कॉपी, अजून १२०. झाले ३०० एमबी, आणि ऑडिट म्हटल्यावर ओल्ड (बदलाआधीची ओळ) आणि न्यू दोन्ही, म्हणजे ६०० पर्यंत. ते कशासाठी, तर 'पेंडिंग'चं 'अप्रूव्ह्ड' झालं एवढं नोंदवायला. असे दहा वर्कर एकाच वेळी चालले की काय होणार ते वेगळं सांगायला नको. ओळ संपली की ती मेमरी मोकळी होते, म्हणूनच बॅच लहान करून काही उपयोग होत नव्हता.

उपाय साधा होता. जेसनबी_बिल्ड_ऑब्जेक्ट वापरून हवे तेवढेच कॉलम नाव घेऊन लिहायचे. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की पोस्टग्रेस मोठी व्हॅल्यू आधी कॉम्प्रेस करून बघतं आणि तरी मावली नाही तर टोस्ट टेबलमध्ये टाकतं, मूळ ओळीत फक्त एक छोटा पॉइंटर राहतो, आणि स्टेटस बदलताना ट्रिगरला मिळतो तो पॉइंटरच. तुम्ही तो उघडला नाहीत तर खर्च जवळपास काहीच नाही. फाइलची साइज हवी असेल तर ऑक्टेट_लेंग्थ बिनधास्त वापरा, बाइट-एच्या बाबतीत ते फाइल न उघडता साइज सांगतं. हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारी छोटी खूण) मात्र फाइल उघडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे तो फाइल खरंच बदलली तरच काढा, किंवा अपलोडच्या वेळी काढून वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

जेसनबीत एका स्ट्रिंगला साधारण २५६ एमबीची मर्यादा आहे. हेक्स दुप्पट होतं हे धरलं तर १२८ एमबीच्या वरची फाइल आली की ट्रिगर मेमरी असूनही एरर देणार आणि त्याच्यासोबत मूळ अपडेटपण मागे फिरणार. टेस्टिंगमध्ये कोणी एवढी मोठी फाइल टाकत नाही, ती थेट प्रॉडक्शनमध्येच उगवते.

दुसरी चूक जास्त हुशार लोक करतात. ट्रिगरच्या व्हेन कंडिशनमध्ये (तो कधी चालवायचा त्या अटीत) 'ओल्ड.फाइल इज डिस्टिंक्ट फ्रॉम न्यू.फाइल' लिहितात आणि समजतात की फाइल बदलली नाही तर ट्रिगर चालणारच नाही, स्वस्तात काम झालं. ट्रिगर चालत नाही हे बरोबर, पण तुलना तर होतेच ना. बाइट-ए तुलनेत आधी लांबी बघितली जाते, वेगळी असेल तर तिथेच निकाल, पण लांबी सारखी असेल तर दोन्ही बाजू पूर्ण उघडून बघाव्या लागतात. आणि न बदललेल्या फाइलची लांबी सारखीच असणार! म्हणजे जिथे काहीच बदललं नाही तिथेच सगळ्यात जास्त खर्च. ओल्ड.* आणि न्यू.* ची अख्खी तुलनापण याच वाटेने जाते. त्यापेक्षा 'अपडेट ऑफ फाइल' लिहा, म्हणजे अपडेट क्वेरीच्या सेटच्या यादीत तो कॉलम असेल तरच ट्रिगर लागतो. फक्त तुमचा ओआरएम (कोडमधून क्वेरी बनवणारी लायब्ररी) काय क्वेरी पाठवतो ते आधी बघा, कारण जावातलं हायबरनेट मुळात सगळेच कॉलम सेटमध्ये टाकतं, डायनॅमिक अपडेट चालू करावं लागतं, नाहीतर ही युक्ती फुकट.

आता संख्येचा आजार. आफ्टर रो ट्रिगरची, म्हणजे बदलानंतर ओळीगणिक चालणाऱ्या ट्रिगरची, प्रत्येक घटना एका रांगेत जाते, ती रांग त्या प्रोसेसच्या मेमरीत असते आणि डिस्कवर उतरत नाही. पण रांगेत फाइल नसते, ओळीचा पत्ता असतो, दहा-पंधरा बाइटच्या आसपास. त्यामुळे हजारभर ओळींसाठी तिच्याकडे संशयाने बघू नका, एक कोटी ओळी एकाच स्टेटमेंटमध्ये असतील तर शे-दीडशे एमबी धरा, तेही प्रत्येक ट्रिगरमागे. फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीशी नातं तपासणारा नियम) पण आतून ट्रिगरच आहे हे विसरू नका, आणि डिफर्ड (तपासणी पुढे ढकललेली) असेल तर रांग कमिटपर्यंत तशीच राहते. इथे मात्र बॅच लहान करणं खरंच लागू पडतं, प्रत्येक बॅचला कमिट करून.

ट्रान्झिशन टेबल (बदललेल्या सगळ्या ओळी ट्रिगरला एकत्र देणारी सोय, व्हर्जन १० पासून, म्हणजे २०१७) आल्यावर काहींनी सगळं स्टेटमेंट लेव्हलवर (क्वेरीमागे एकदाच चालणाऱ्या ट्रिगरवर) नेलं. चांगली गोष्ट, पण तिथे पत्ते नाही, ओळी साठतात, वर्क-मेम संपलं की टेम्पररी फाइलमध्ये. मोठ्या फाइलींचा इन्सर्ट असेल तर मेमरी वाचते आणि डिस्क भरते.

कुठला आजार आहे हे ओळखायला व्हर्जन १४ पासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स नावाचं फंक्शन आहे, प्रोसेसचा पीआयडी द्या, लॉगमध्ये सगळा हिशोब येतो. आफ्टरट्रिगरइव्हेंट्स नावाची नोंद फुगलेली दिसली तर रांग, नाहीतर फंक्शनच्या आत बघा. लिनक्सच्या टॉप कमांडमधला रेस (प्रोसेसची मेमरी दाखवणारा) कॉलम बघून घाबरू नका, त्यात शेअर्ड बफरपण धरलेले असतात. त्याहून सोपं म्हणजे सगळ्यात मोठी फाइल असलेली एकच ओळ ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करा, मेमरी बघा, रोलबॅक करा. एका ओळीला उडी मारली तर वजनाचाच आजार. आम्ही हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर आठवडा वाचला असता.

आणि हो, डीबग करताना टाकलेला रेझ नोटिस (मेसेज छापणारी कमांड) आणि त्यात अख्खा न्यू छापलेला असेल तर तो काढा. तोपण फाइलचं हेक्स करतो. आमच्यात सगळं दुरुस्त केल्यावरही मेमरी उडी मारत होती ती त्याच्यामुळे, आणि तो रेझ नोटिस मीच टाकला होता.