गच्चीवरची टाकी दुपारी भरा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचा पंप वर्षानुवर्षं संध्याकाळी सातला सुरू व्हायचा. त्या वेळी वॉचमनची पाळी बदलते आणि आलेला माणूस आधी पंपाचं बटण दाबतो, एवढंच त्यामागचं कारण. मी खजिनदार झाले तेव्हा बिलं चाळताना हे लक्षात आलं आणि मला ते फार खटकलं.

खटकण्याचं कारण आमच्याच गावात आहे. राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीतच आहे. महाराष्ट्रात किती वीज तयार होतेय आणि किती ओढली जातेय, याचा मेळ तिथे बसवतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून नियोजन होतं आणि देशभरच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता ५० हर्ट्झच्या (विजेच्या लहरी सेकंदाला ५०) आसपास राखावी लागते. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य कलला की ती आटते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, एसी, मिक्सर सुरू होतात. ती तूट कोळशावर चालणाऱ्या वीजसंचांनी आणि कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांनी भरून काढायची. अशा वेळी आमचा पंपही त्या गर्दीत कशाला?

ठाणे जिल्ह्याच्या कडेला घाटघरचा प्रकल्प आहे. वीज जास्त असते तेव्हा तिथे पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज मिळवतात. आपली गच्चीवरची टाकी वीज परत देत नाही, पण दुपारच्या विजेचं काम संध्याकाळसाठी साठवून ठेवते.

आधी हिशेब मांडा. आमचे ५६ फ्लॅट. घरात चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला साधारण ३० हजार लिटर पाणी लागतं. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ या वेळात त्यातलं किती जातं, ते आठवडाभर टाकीवर चढून मोजा. आमच्याकडे २० हजारांच्या आसपास आलं आणि वरची टाकी २५ हजारांची आहे, म्हणजे जमण्यासारखं होतं. तुमची टाकी लहान असेल तर सकाळची एक छोटी खेप ठेवा. पाण्यावरून भांडण झालं की अख्खी योजना बारगळते.

मग टायमर. तो पंपाच्या वायरवर थेट बसवायचा नसतो, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, कॉइलला जोडायचा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वरच्या टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की पंप बंद करणारा स्विच, हवा, आणि खालची टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा फिरू नये म्हणून संरक्षण हवं. टायमर बॅटरी बॅकअपवालाच घ्या. आमच्या पहिल्या टायमरला बॅटरी नव्हती. एका शटडाउननंतर त्याचं घड्याळ आठ तास मागे पडलं आणि दुपारचा पंप रात्री आठला चालू लागला. पाच दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण नळाला पाणी येतच होतं. आता दर सोमवारी वॉचमनकाका टायमरची वेळ मोबाइलशी ताडून वहीत लिहितात.

पैशांबद्दल खरं सांगते. आमचा पंप पाच एचपीचा, म्हणजे ३.७ किलोवॉटचा. दिवसाला जेमतेम सात युनिट खातो. बिलावर टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लागू आहे का आणि दिवसाच्या वापराला किती सवलत मिळते, ते जरूर पाहा. पण नुसत्या पंपावर महिन्याला फार तर काहीशे रुपये सुटतील. सर्वसाधारण सभेत मोठ्या बचतीचं आश्वासन देऊ नका. मी उगाच दिलं होतं आणि पुढच्या सभेत त्याचा जाब द्यावा लागला.

खरा भार घरांमध्ये आणि पार्किंगमध्ये आहे. दोन किलोवॉटचे ५६ गिझर एकदम लागले तर ११२ किलोवॉट होतात, म्हणजे आमच्यासारखे तीस पंप. इलेक्ट्रिक गाडीचा ७.४ किलोवॉटचा एक चार्जर म्हणजे दोन पंप. आमच्या पाच गाड्या ऑफिसातून येऊन साडेआठला एकदम चार्जिंगला लागायच्या. बहुतेक गाड्यांत चार्जिंगची वेळ लावून ठेवता येते. आम्ही प्रत्येकाच्या शेजारी बसून ती रात्री बारानंतरची करून दिली, आणि घरून काम करणाऱ्या दोघांनी दुपार घेतली. सकाळी सगळ्यांची गाडी तयार असते, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही. कपडे धुणं आणि इस्त्री दुपारी ढकलणं सोपं आहे. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवायला सांगा, पण आजारी माणसाच्या खोलीतला एसी, ऑक्सिजनचं यंत्र आणि लिफ्ट यांना हात लावायचा नाही.

आता पसरवायचं कसं? घाटघरच्या २५० मेगावॉटइतका भार हलवायला आमच्यासारखे सुमारे ६७ हजार पंप लागतील, किंवा एकाच वेळी चालणारे ३४ हजार चार्जर. म्हणून शेजारच्या सोसायट्यांकडे जा, आणि जाताना टाकीच्या मोजणीची वही घेऊन जा. ‘देशाच्या ग्रिडसाठी’ एवढंच म्हटलं तर लोक मान डोलावतात आणि विसरतात. टाकीचे आकडे दाखवले की सेक्रेटरी लगेच आपल्या टाकीचं माप विचारतात.

एक चूक मात्र टाळा. सगळ्यांना ‘अकरा वाजता’ असं सांगू नका. मोटर थेट सुरू होताना काही क्षण नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. शंभर पंप एकाच मिनिटाला लागले तर नवाच झटका बसेल. आमच्या सेक्टरमध्ये आम्ही इमारतीच्या क्रमांकावरून मिनिटं वाटून दिली आहेत. आमचा पंप १०.५० ला लागतो, शेजारच्यांचा ११.१५ ला, आणि नाक्यावरच्या इमारतीचा दुपारी ३.२० ला, कारण त्यांच्याकडे पालिकेचं पाणीच उशिरा येतं. पाणीकपातीच्या दिवशी टायमर बंद करून हाताने पंप चालवायचा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने पुन्हा ऑटोवर टाकायचा. तशी पाटी पंपघराच्या दारावर आतून लावलेली आहे.