मॉडेल रेल्वे अडली? विजेचा बिघाड असा शोधा

इंजिन मध्येच थांबलं की आपला हात आधी वायरिंगकडे जातो. तो आवरा. निम्मा लेआउट (रूळ आणि वायरिंगची मांडणी) उचकटल्यावर कळतं, की दोष रुळावरच्या मळाचा होता.

१. दोष कुठे आहे ते ठरवा. कंट्रोलरच्या (रुळांना वीज देऊन गाडी चालवणाऱ्या डबीच्या) वायर लेआउटपासून सोडवून रुळाच्या एका सुट्या, स्वच्छ तुकड्याला जोडा. त्यावर इंजिन नीट धावलं तर इंजिन आणि कंट्रोलर दोन्ही सुटले, दोष लेआउटमध्ये आहे. नाही धावलं तर दुसरं इंजिन ठेवून पाहा. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला त्याच्या ओळख क्रमांकाने, म्हणजे अॅड्रेसने, डिजिटल आदेश देणारी पद्धत) असेल तर इंजिनाचा अ‍ॅड्रेसही तपासा. अ‍ॅडॉप्टर मात्र उघडायचा नाही.

२. रूळ आणि चाकं पुसा. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे, पण वीज बंद ठेवा. चाकंही तितकीच मळतात. सँडपेपर टाळा, त्याच्या ओरखड्यांत पुढचा मळ लवकर साठतो.

३. गाडी कंट्रोलरपासून लांब गेल्यावर मंदावते? मग जॉइनर, म्हणजे रुळाचे दोन तुकडे जोडणारी धातूची पट्टी, बघा. बरेच जण इथे फसतात: रिकाम्या रुळावर मल्टिमीटर लावतात, पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि जॉइनरला निर्दोष ठरवतात. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यावर व्होल्टेज पडतच नाही. म्हणून इंजिन त्याच जागी चालू असताना मोजा, आणि मग कंट्रोलरजवळचा आकडा घ्या. दोन्हींत ठळक फरक दिसला तर त्या भागाला स्वतंत्र फीडर वायर (कंट्रोलरची वीज थेट रुळाला पोचवणारी) सोल्डर करा. जॉइनरचं काम रूळ सरळ रेषेत धरण्याचं. वीज वाहण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये, असं माझं मत.

४. कंट्रोलर वारंवार बंद पडत असेल तर शॉर्ट शोधा. सगळी इंजिनं, डबे उचला. शॉर्ट गेला तर एकेक परत ठेवा. उलटं बसवलेलं चाक बहुधा सापडेल, कारण धातूच्या चाकांच्या जोडीत बऱ्याचदा एका बाजूलाच इन्सुलेशन असतं. शॉर्ट तसाच राहिला तर फीडर सोडवून लेआउटचा अर्धा भाग वेगळा करा, मग ज्या भागात शॉर्ट असेल त्याचाही अर्धा. रुळावर विसरलेला स्क्रू ड्रायव्हरही गुन्हेगार निघतो!

रूळ वळसा घेऊन उलट दिशेने त्याच मार्गाला परत मिळत असेल, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट अटळ असतो. त्या वळशाच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत इन्सुलेटेड जॉइनर घाला आणि आतल्या भागाला पोलॅरिटी बदलणारा स्विच द्या. डीसीसीत हे काम ऑटो-रिव्हर्सर करतो.

५. फक्त पॉइंटवर (रूळ दोन वाटांना फुटतो तिथे) अडतं? लहान इंजिनाची चाकं प्लास्टिकच्या फ्रॉगवर (पॉइंटमधल्या रूळ एकमेकांना छेदणाऱ्या तुकड्यावर) आली की वीज तुटते. फ्रॉग धातूचा असेल तर हलणाऱ्या पात्यांचा संपर्क पुसा.

डीसीसीवाल्यांनी शेवटी एक चाचणी करावी. लेआउटच्या लांबच्या टोकाला दोन रुळांवर आडवं नाणं ठेवा. ब्रेकर लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर नाणं ताबडतोब उचला आणि तिथली वायर जाड करा. नाहीतर खऱ्या शॉर्टच्या वेळी करंट वाहतच राहतो आणि डबे वितळतात.