बजीत हवा तो रंग उतरवायचा कसा: नागपूरच्या हवेतली जोडी, पेटी आणि वही

बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा पक्षी बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. तो ऑस्ट्रेलियाचा बजी, म्हणजे बजरीगर. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आणि त्याचे रंगांचे गणितही वेगळे. खाली जे लिहिले आहे ते फक्त बजीचे. देशी पोपट पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बजी त्यात येत नाही आणि साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही त्याचे नाव नाही.

दुर्मीळ रंग हवा म्हणून महागडी जोडी आणली आणि पिल्ले सगळी हिरवी निघाली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. यात विकणाऱ्याने फसवले असेलच असे नाही. रंग पिसांवर दिसतो त्यापेक्षा जास्त पक्ष्याच्या आत दडलेला असतो, आणि आत काय आहे हे आई-बापाची नोंद असल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिली खरेदी वहीची करा, पक्ष्याची नंतर.

रंग येतो कुठून

बजीच्या अंगावरच्या पिसांत रंगद्रव्ये दोनच, पिवळे आणि काळे. निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो आणि मागे काळे असते, म्हणून निळा दिसतो. निळ्यावर पिवळे चढले की मूळचा जंगली हिरवा. पिवळे गेले तर पक्षी निळा. काळे गेले तर पिवळाधमक, लाल डोळ्यांचा लुटिनो. दोन्ही गेली तर पांढरा अल्बिनो. एवढे डोक्यात बसले की पुढचे सोपे जाते.

निळा रंग सुप्त आहे, दोन्हीकडून मिळाला तरच दिसतो. हिरव्यात निळा दडलेला असला की त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. स्प्लिट हिरवा आणि स्प्लिट हिरवी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू निळे. पण उरलेल्या तीन हिरव्यांत स्प्लिट कोणते आणि कोरे कोणते हे बघून सांगता येत नाही. तेच स्प्लिटला थेट निळ्याशी लावले तर निम्मी निळी, आणि उरलेली प्रत्येक हिरवी खात्रीने स्प्लिट. दुसरी जोडी केव्हाही बरी, वहीत प्रश्नचिन्ह राहत नाही.

गडदपणाचा घटक मात्र लपत नाही. आकाशी निळ्यात तो एक असला तर कोबाल्ट, दोन असले तर राखट मॉव्ह. हिरव्यात तसेच: फिका हिरवा, गर्द हिरवा, ऑलिव्ह. मॉव्ह मळकट दिसतो म्हणून लोक स्वस्तात काढून टाकतात. तो ठेवा, पुढे लागणार आहे.

इनो, म्हणजे लुटिनो-अल्बिनोचा घटक, लिंगाशी जोडलेला. सिनॅमन आणि ओपलाइन हे रंगप्रकारही तसेच. पक्ष्यांत लिंग ठरवणारी झेड गुणसूत्रे नराला दोन, मादीला एकच. त्यामुळे मादी या तिन्हींत कधीच स्प्लिट नसते: रंग आहे तर दिसतो, दिसत नाही तर नाहीच. ‘अल्बिनो स्प्लिट मादी’ असे कोणी सांगून जास्त पैसे मागितले तर नमस्कार करून निघावे. लुटिनो नर आणि साधी हिरवी मादी लावली तर सगळ्या मुली लुटिनो, सगळे मुलगे साधे दिसणारे पण स्प्लिट. इथे एक फायदाही आहे. घरट्यातच लाल डोळ्यांचे पिल्लू म्हणजे मादी हे पहिल्या दिवसापासून कळते. एरवी मोठ्या नराची चोचीवरची नाकपट्टी निळी आणि मादीची तपकिरी असते, पण इनो आणि रिसेसिव्ह पाइड (सुप्त घटकाच्या चितकबऱ्या) नरांत ती गुलाबी-जांभळटच राहते आणि भले भले फसतात. उलटी जोडी, साधा नर आणि लुटिनो मादी, लावली तर एकही लुटिनो निघणार नाही, फक्त मुलगे स्प्लिट होतील.

जांभळ्याचे गणित

सगळ्यात जास्त मागणी जांभळ्याला, म्हणजे व्हायोलेटला, आणि सगळ्यात जास्त गोंधळही त्यातच. व्हायोलेट घटक प्रबळ असतो, म्हणजे एकाकडून मिळाला तरी पुरतो, पण डोळ्यांना खरा जांभळा दिसायला पक्षी निळ्या मालिकेतला आणि एका गडद घटकाचा, म्हणजे कोबाल्ट, असावा लागतो. आकाशी निळ्यावर हाच घटक आला तर पक्षी साध्या कोबाल्टसारखा दिसतो. दुकानातला ‘कोबाल्ट’ खरे तर व्हायोलेट आकाशी असण्याची शक्यता बरीच.

व्हायोलेट कोबाल्ट आणि आकाशी निळा लावले तर निम्म्या पिल्लांत व्हायोलेट, निम्म्यांत गडद घटक, आणि दोन्ही एकत्र फक्त चारात एका पिल्लात. आता मघाचा मॉव्ह काढा. व्हायोलेट आकाशीला मॉव्ह लावला की प्रत्येक पिल्लू कोबाल्ट होणारच, त्यातली निम्मी व्हायोलेट. म्हणजे दोनात एक जांभळे. मळकट पक्ष्याने उत्पन्न दुप्पट केले. या कामात अल्बिनो मिसळू नका. त्याच्या पांढऱ्या पिसांखाली व्हायोलेट, गडद, काहीही असू शकते आणि दिसत काहीच नाही.

या सगळ्या शक्यता आहेत, हमी नाही. पाच अंड्यांतून एकही जांभळे न निघणे अगदी शक्य आहे. निदान पिल्लांच्या दोन खेपा होईपर्यंत जोडी बदलू नका.

दिवस कोणते

नागपुरात पेटी, म्हणजे अंडी घालायचे घरटे, लावायचा मुहूर्त दिवाळीचे फटाके संपल्यावरचा. त्याआधी अंडी घातली तर रात्रीच्या आवाजाने मादी दचकून उडते, अंडी फुटतात किंवा थंड पडतात. धुरानेही पक्षी बेजार होतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी लावली तर दहा-बारा दिवसांत पहिले अंडे येते. एकाआड एक दिवस, चार ते सहा अंडी. प्रत्येकाला सुमारे १८ दिवसांची ऊब. पिल्लू ३० ते ३५ दिवसांनी पेटीबाहेर येते. पहिली खेप निघायच्या आतच मादी बहुधा पुन्हा अंडी घालते आणि दुसरी खेप मार्चच्या मध्यापर्यंत आटोपते. मग पेटी काढा. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये ४५च्या पुढे जातो, त्या उकाड्यात बंद पेटीत अंड्यातले जीव मरतात. कुलर लावून उन्हाळ्यात खेप काढू पाहणारे असतात. ओलसर झोत थेट पिंजऱ्यावर, दाण्याला बुरशी, आणि मेहनत वाया. उन्हाळ्यात कुलर पक्ष्यांच्या जिवासाठी असू द्या, झोत भिंतीकडे वळवून. वाळ्याची ताटी ओली ठेवली तरी बरेच भागते.

पावसाळाही नको. दमट हवेत पेटीत माइट, म्हणजे बारीक किडे, होतात. वर्षाला दोनच खेपा. तिसऱ्या खेपेची मादी पोकळ झालेली असते. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०च्या खाली गेला तर पिंजरा तिन्ही बाजूंनी गोणपाटाने झाका, समोरची बाजू उघडी.

पिंजरा आणि पेटी

एका पिंजऱ्यात एकच जोडी. मोठ्या जाळीत दहा जोड्या सोडल्या की पक्षी वाढतात, पण बाप कोण हे देवालाच ठाऊक. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पुरते. दांड्या पक्क्या बसवा, ही बाब क्षुल्लक वाटते पण वांझ अंड्यांचे एक मोठे कारण हलणारी दांडी असते: नराला तोल सांभाळता येत नाही. कळपातून आणलेली मादी तीन-चार आठवडे एकटी ठेवून मगच जोडी लावा. आधीच्या नराचे बीज तिच्यात काही दिवस टिकते, आणि मग पिल्लांची नोंद चुकीच्या बापावर पडते.

मडके स्वस्त आणि थंड राहते हे खरे, पण आत डोकावता येत नाही. रंगासाठी पैदास करायची तर मागून उघडणारी लाकडी पेटी घ्या: ९ इंच लांब, ६ रुंद, ६ उंच, दार पावणेदोन इंचांचे. तळाच्या फळीला उथळ वाटीसारखा खोलगट आकार हवा. सपाट तळावर अंडी घरंगळतात आणि पिल्लांचे पाय फाकतात. वर साध्या लाकडाचा भुसा पसरा. प्लायचा नको, त्यात रसायने असतात.

नर-मादी दोघे किमान एक वर्षाचे हवेत. सहा महिन्यांची मादी अंडी घालते, पण अंडे अडकून मरण्याची भीती तिलाच जास्त. फुगून तळाशी बसलेली, शेपूट हलवत जोर करणारी मादी दिसली तर तिला ३० अंशांच्या आसपास उबदार जागेत ठेवा आणि पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नका, आत फुटले की मादी गेली. हे टाळायचे तर पेटी लावण्याआधी महिनाभर कॅल्शियमसाठी समुद्रफेस समोर हवाच.

दाणा: चार वाट्या राळे, दोन वाट्या बाजरी, एक वाटी सालासकट वरी. इतवारीत धान्याच्या दुकानात मागताना सालासकट असे स्पष्ट सांगा, नाहीतर उपासाची भगर हातात येते. पिल्ले असताना उकडलेले अंडे कुस्करून, भिजवलेले मूग, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. ओला खुराक तीन-चार तासांत उचला.

नोंद

अंड्यावर पेन्सिलने हलका क्रमांक आणि वहीत तारीख. ऊब सुरू झाल्यावर सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर धरा. लाल शिरा दिसल्या तर जिवंत, स्वच्छ पिवळे दिसले तर वांझ. सहा ते आठ दिवसांच्या पिल्लाच्या पायात बजीच्या मापाची बंद रिंग घाला. तीन लांब बोटे एकत्र धरून त्यांवरून रिंग सरकवायची, मागचे आखूड बोट पायाला टेकवून बाहेर काढायचे. दहाव्या दिवसानंतर ती जाणार नाही. वहीत रिंग क्रमांक, आई-बाप, आणि आत काय दडले असेल त्याचा अंदाज.

सख्खी भावंडे लावू नका. काका-पुतणी चालते, पण दर दुसऱ्या पिढीला बाहेरचा पक्षी आणा आणि तो ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

पेटीतून बाहेर आलेल्या पिल्लाचा रंग पाहून लगेच विकायची घाई करू नका. तीन-चार महिन्यांत पहिली पिसे झडतात, कपाळावरचे पट्टे मागे सरतात, रंग उजळतो. पेटीतला मळकट कोबाल्ट तेव्हा व्हायोलेट निघू शकतो; त्याआधीच विकलात तर पुढच्या हंगामाची जोडी दुसऱ्याच्या पिंजऱ्यात गेली समजा.