इझल आणला तरी चित्र वाकडंच येतंय? या चुका टाळा

टेबलावर काढलेला चेहरा मस्त वाटतो, आणि तोच कागद भिंतीला टेकवून लांबून बघितला की कपाळ भलतंच मोठं नि हनुवटी बारकी. मग माणूस प्रपोर्शनची पुस्तकं धुंडाळतो, स्वतःच्या हाताला शिव्या घालतो आणि शेवटी एकदाचा इझल विकत आणतो. तरी कपाळ मोठंच! कारण इझल कसा उभा करायचा, कुठे ठेवायचा हे कोणी सांगतच नाही, सगळे फक्त कुठला घ्यायचा तेवढंच सांगतात.

आधी कुठला घ्यायचा ते पटकन उरकू, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. इझल म्हणजे काम चालू असताना कॅनव्हास किंवा बोर्ड धरून ठेवणारं स्टँड. पण पाटी किंवा फोटो नुसता मांडून ठेवायच्या नाजूक स्टँडलाही इझलच म्हणतात, आणि सर्च केलं की दोन्ही एकाच रांगेत येतात. डिस्प्लेवाल्याला वरून पकडणारा क्लॅम्प बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे ब्रश जरा जोरात टेकला की कॅनव्हास मागे सरकतो. फोटोग्राफीच्या डार्करूममध्येही इझल असतो, तो एन्लार्जरखाली फोटोपेपर सपाट धरून ठेवतो, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. आणि आर्ट स्कूलच्या सामानात डाँकी नावाचं काही दिसलं तर हसू नका, ते घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं बाकडं आहे, पुढे बोर्ड टेकवायला आधार असलेलं. गंमत म्हणजे इझल हा शब्दही डच भाषेतल्या गाढवावरूनच आलाय.

एक गैरसमज अजून. इझल पेंटिंग म्हणजे इझलवरच रंगवलेलं चित्र असं नाही. भिंतीवरच्या म्युरलसारखं जागेला चिकटलेलं नाही, उचलून दुसरीकडे नेता येतं, असं चित्र म्हणजे इझल पेंटिंग. ते टेबलावर रंगवलंय की मांडीवर, याला महत्त्व नाही.

आता त्या कपाळाचं बघू. टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब असते आणि खालची जवळ, म्हणजे वरचा भाग आहे त्यापेक्षा लहान दिसतो, आपण नकळत तो मोठा काढून भरपाई करतो, बसल्या जागेवरून सगळं बरोबरच दिसतं, आणि कागद उभा केला की ती भरपाई उघडी पडते. इझलवर पण हेच होतं, जर बोर्ड खूप मागे कललेला असेल किंवा चित्र छातीच्या खाली असेल आणि तुम्ही वरून वाकून बघत असाल तर. नियम एकच, तुमची नजर बोर्डच्या मध्यावर काटकोनात पडली पाहिजे. तपासायला सोपी युक्ती आहे, बोर्डवर मधोमध एक वाटी उपडी धरून पेन्सिलने गोल मारा, मग आपल्या नेहमीच्या जागी जाऊन एक डोळा मिटून बघा. गोल चपटा दिसला तर कोन चुकलाय, तो गोल दिसेपर्यंत बोर्ड कलवा किंवा वरखाली करा. दोन मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत.

उंचीचं पण तसंच. ज्या भागावर काम चाललंय तो डोळ्यासमोर आणायचा, आपण वाकायचं नाही. खालची पट्टी, म्हणजे ज्यावर कॅनव्हास टेकतो ती, वरखाली होते ती यासाठीच, आणि बहुतेक घरांत ती पहिल्या दिवशी जिथे बसवली तिथेच वर्षानुवर्षं असते. पाय रंगवताना पट्टी वर घ्या, डोकं रंगवताना खाली.

मॉडेल किंवा स्टिल लाइफ (म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तू) समोर ठेवून काम करत असाल तर इझल कुठल्या बाजूला, हा प्रश्न येतो. उजव्या हाताने काढणाऱ्याने विषय इझलच्या डाव्या कडेपलीकडे दिसेल असं उभं राहावं, नाहीतर दर वेळी स्वतःच्याच हातावरून बघावं लागतं. डावखुऱ्यांनी उलटं. आणि विषय नि कागद यांच्यामध्ये मान फार वळवावी लागत असेल तर इझल जवळ सरकवा, कारण जितकं वळाल तितकं विसराल. उजेड पण उजव्या हातवाल्याला डावीकडून हवा म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही.

मागे सरकायला जागा न ठेवणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. लोक इझल खोलीच्या मधोमध ठेवतात आणि स्वतः भिंतीला चिकटून उभे राहतात! डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६२८ च्या आसपासचं एक छोटंसं चित्र बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, त्यात पुढे हा मोठा थोरला इझल पाठमोरा, आणि चित्रकार बिचारा पार मागे, लांब उभा राहून बघतोय. अख्खं चित्र एका नजरेत मावेल एवढं तरी मागे जाता आलं पाहिजे, खोली लहान असेल तर इझल कोपऱ्यात ढकला.

इझल डुगडुगतो ही तक्रार फार येते. इथे आधी पाय मोजा. तीन पायांचा इझल खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तीन टोकं कशीही टेकतातच, तेव्हा तो हलत असेल तर सांधा किंवा नट ढिला आहे किंवा मागचा पाय पुरेसा मागे गेलेला नाही. चार ठिकाणी टेकणारा जड स्टुडिओ इझल हलला तर मात्र जमीन बघा, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी पुरते. तीनपायीवर रुंद कॅनव्हास ठेवला तर कोपऱ्यात दाब दिला की तो फिरणारच, त्यात इझलचा दोष नाही, मागे एक कडक बोर्ड लावा किंवा एच आकाराचा इझल वापरा. बाहेर जाऊन काम करणाऱ्यांनी हलक्या अल्युमिनियमच्या इझलला मधोमध जड पिशवी लटकवावी, आणि छत्री इझललाच बांधू नये, वारा आला की छत्रीसकट सगळं उडतं. लाकडी इझलचे नट मात्र जीव खाऊन आवळू नका, दमट हवेत लाकूड फुगतं आणि चिरतं.

कल कुठल्या बाजूला हे रंगावर ठरतं, आणि इथे सगळ्यांना एकच माप लावणं चुकीचं. वॉटरकलरला जेमतेम १५ ते २० अंश कल पुरतो, नाहीतर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, धावत खाली येतो, म्हणून सपाट न होणारा इझल वॉटरकलरवाल्याने घेऊच नये. ऑइलला उलट, वरची कड जरा पुढे झुकवा, ओल्या रंगावरची चकाकी पण जाते आणि धूळही कमी बसते. पेस्टलला उभा किंवा किंचित पुढे झुकलेला, म्हणजे भुकटी चित्रावर न राहता खाली पडते, खाली कागदाची पन्हळ करून ठेवा, आणि भुकटी फुंकू नका, ती नाकात जाते.

क्लॅम्पखाली कॅनव्हासची वरची पट्टी कोरी राहते ती चित्र टांगल्यावर दिसते, म्हणून अधूनमधून क्लॅम्प सोडून तेवढा भाग रंगवून घ्यायचा. खालची कड रंगाने पट्टीला चिकटून बसते, त्यासाठी दोन बारक्या लाकडी चिपा ठेवून त्यावर कॅनव्हास टेकवा.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या इझलच्या ट्रेमध्ये चुरगाळून ठेवत असाल तर आजच बंद करा, तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.